गालावरचे चार हजार सहाशे रुपये

तर झालं असं. मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी म्हणून आईला घेऊन मॉलमध्ये गेले होते. मॉलमध्ये शिरल्याशिरल्या तो गार, चकचकीत, सुवासिक पट्टा असतो ना, जिथून आपण सगळे नजर चुकवत पटापट सरकत्या जिन्याकडे जातो, तिथे काउंटरवरच्या एका मुलीने आईला गाठलं. "आँटी, दोन मिनिटं बसा ना, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही." एरवी आई अशा मुलींना हात जोडून पुढे निघते. त्या दिवशी पाय दुखत होते म्हणून असेल, बसली. मुलीने एका इवल्याशा डबीतून बोटाच्या टोकावर विटकरी-गुलाबी क्रीम घेतलं, आईच्या दोन्ही गालांवर थोपटलं आणि आरसा पुढे केला.

बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून आईने चेहऱ्याला रंग म्हणून काही लावलेलं नाही. तसं कोणी सांगितलं नव्हतं. उलट मी आणि मावशीने 'निदान टिकली तरी लाव' म्हणून भांडून पाहिलं. "आता सवय झाली गं", संपला विषय. त्या आरशात मात्र ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग किंमत विचारली. चार हजार सहाशे. पाच ग्रॅमची डबी! आईने पर्समधून रुमाल काढून गाल पुसले आणि "चल" म्हणाली. रंग पूर्ण गेला नव्हता. रिक्षात बसेपर्यंत दिसत होता.

आता हापिसात साधा माऊस घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवणारी मी. पुढचे दोन विकांत या डबीच्या नादात गेले. चार हजार सहाशे रुपये नेमके कशाचे? ते द्यावेत का? आणि 'ब्लश' या वस्तूला इतकी किंमत देत आलोय ती माणसं कधीपासून? (शेवटच्या प्रश्नाची गरज नव्हती, मान्य. पण विकांत दोन होते.)

पहिलं काम म्हणजे डिफ काढणं. मॉलमध्ये डबीच्या खोक्यामागचा फोटो मी हळूच काढून ठेवला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून एका देशी कंपनीचं चारशे नव्व्याण्णववालं क्रीम ब्लश आणलं आणि दोन्ही याद्या एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी टाकल्या. नव्वद टक्के ओळी सारख्या! तेल, मेण, सिलिकोन, अभ्रक. मग रंगांचे नंबर. सी.आय. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड. थोडक्यात गेरू. कुंडीला फासतो त्याचाच शुद्ध केलेला, प्रयोगशाळेत तयार केलेला भाऊ. गेरू दोन्हीकडे होता. महागड्या डबीत एक नंबर जास्त होता, सी.आय. ७५४७०. कार्माइन. हा किड्यांचा रंग आहे.

हे आईला सांगितलं. गुरुवार होता. "म्हणजे त्या बाईने माझ्या गालाला किडे लावले?" पुढचा अर्धा तास शांततेत गेला.

पण हा किडा साधा नाही. मेक्सिकोत, विशेषतः ओआहाका प्रांतात, फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा एक बारीक कीटक पोसला जातो. मादी झाडाला चिकटून आयुष्य काढते आणि शत्रूंनी खाऊ नये म्हणून अंगात एक लाल आम्ल तयार करते. वाळवलेल्या मादीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हेच आम्ल असतं. एक किलो माल जमवायला दीड लाखाच्या आसपास किडे लागतात, आणि ते पानांवरून हाताने, ब्रशने, एकेक झाड करत उतरवायचे असतात. अ‍ॅझ्टेक राजे हा माल खंडणीत घेत. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते राज्य जिंकलं आणि त्यांना कळलं की युरोपात असा लाल कुणाकडेच नाही. पुढची दोन-अडीचशे वर्षं मेक्सिकोहून स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल किंमत या वाळक्या किड्यांची होती. १५९७ साली इंग्रजांच्या अर्ल ऑफ एसेक्सने स्पॅनिश जहाजं लुटली, त्यात सत्तावीस टन कोचिनील सापडलं. लुटीत सोनं नाही मिळालं म्हणून रडायचं कारण नव्हतं.

गंमत म्हणजे हे किडे आहेत हेच युरोपला धड ठाऊक नव्हतं. वाळलेला दाणा काळपट, मिरीच्या तुकड्यासारखा. कोणी म्हणे बी आहे, कोणी म्हणे फळ. आणि स्पेन काही सांगायला तयार नाही. ट्रेड सिक्रेट! लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं, तरी वाद मिटेना. शेवटी अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेल्कियोर द रॉयशर नावाच्या गृहस्थाने मित्राशी पैज लावली, आणि ती जिंकायला थेट ओआहाकातल्या कोचिनील पाळणाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्या मागवल्या. १७२९ मध्ये त्याने त्या छापल्यासुद्धा. एखादा बग आहे की फीचर यावर आमच्याकडे चालणाऱ्या मेलामेलीची आठवण झाली. फक्त इथे उत्तर यायला वर्षं लागली.

१७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हील हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ परवानगी नसताना ओआहाकापर्यंत पोचला आणि किड्यांसकट निवडुंगाची पानं पेटाऱ्यांत लपवून हैतीत घेऊन आला. १७८० मध्ये तो वारला आणि प्रयोग रेंगाळला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, आपल्याकडेही निवडुंग होईल, ऊन आहे, मजूर स्वस्त आहेत. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बाग केली. १७९५ साली एका कॅप्टनने ब्राझीलहून किडे आणलेही. पण आणले ते जंगली जातीचे. रंग हलका, उतारा कमी, आणि भूक मात्र राक्षसी. आपल्याच झाडाचा फडशा पाडणारे! धंदा बुडाला. पुढे दक्षिणेत निवडुंग माजला, तेव्हा तो आटोक्यात आणायला १९२६ साली याच कुळातली आणखी एक जात मुद्दाम आणण्यात आली. रंगासाठी सुरू झालेलं प्रकरण तणनाशक होऊन संपलं.

माझं आजोळ करमाळा तालुक्यातलं. शेताच्या बांधाला फड्या निवडुंग होता. त्याची बोंडं खाऊन जीभ लालभडक करून घ्यायची आणि काट्यांनी सुजलेली बोटं घेऊन आजीसमोर उभं राहायचं, हा आमचा मे महिना. त्या झाडावर एके काळी साम्राज्यांचे डोळे लागले होते हे तेव्हा कळलं असतं, तर तेवढ्या शिव्या बसल्या नसत्या.

आणि हा शब्द आपल्याकडे आहेच की. किरमिजी. अरबी 'किर्मिझ'वरून आला. त्याच्या मुळाशी फारसी 'किर्म', म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चा सख्खा चुलत. इंग्रजी क्रिमझन आणि कार्माइन त्याच घरातले. अळता आपण लाखेच्या किड्यापासून करत होतो, आणि त्या 'लाख'वरून युरोपात पाण्यात न विरघळणाऱ्या रंगद्रव्यालाच 'लेक' म्हणू लागले. आजही डबीच्या मागे 'अ‍ॅल्युमिनियम लेक' लिहिलेलं असतं. (मला आधी वाटलं कुणाची तरी लेक. :-))

आता व्हर्सायकडे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारात गालावर लाल गोल काढणं हा शृंगार कमी आणि ओळखपत्र जास्त. नैसर्गिक दिसावं असा हेतूच नव्हता. लांबून दिसलं पाहिजे की ही बाई दरबारातली. त्या लालात कार्माइन महाग. स्वस्तात हवं तर शेंदूर किंवा हिंगूळ, म्हणजे शिसं आणि पारा. सोसा! तिसरा पर्याय करडई. हो, तीच, आपल्या भाकरीबरोबरच्या भाजीतली. करडईच्या पाकळ्यांत पिवळा रंग भरमसाट आणि लाल जेमतेम, शेकड्यात एक भागसुद्धा नाही. पिवळा धुऊन काढायचा आणि उरलेला लाल जपून उतरवायचा. यालाच आपण कुसुंबी म्हणायचो. जपानमध्ये त्याचं 'बेनी' करून ओठांना आणि गालांना लावत, आणि त्याचा भाव सोन्याच्या बरोबरीने सांगितला जाई. सोलापूरकडे आम्ही त्या झाडाचं तेल काढतो आणि पाकळ्या बहुतेक वाऱ्यावर सोडतो. असो.

सांगायचा मुद्दा असा की, त्या काळात लालीच्या डबीची किंमत हा प्रश्नच सोपा होता. पैसे रंगाचे. दीड लाख किडे, समुद्रपार जहाज, चाच्यांची जोखीम. हिशोब मांडता येत होता.

१८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन करता करता चुकून जांभळा रंग बनवला, डांबरापासून. त्या एका चुकीमागून रसायनशास्त्रज्ञांची रांग लागली. मग दर काही वर्षांनी एक नवा लाल. कॅनरी बेटांवर तोवर कोचिनीलची शेती ऐन भरात होती. १८७०-८० च्या दशकांत तिचे भाव असे कोसळले की बेटांची अर्थव्यवस्थाच बसली. रंग स्वस्त झाला तो कायमचा.

मग आज चार हजार सहाशे कशाचे?

इथे मला या सगळ्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. १८६३ मध्ये पॅरिसला जोसेफ-आल्बेर पाँसँ नावाच्या नटाने रंगभूमीवरच्या कलाकारांसाठी रंग करायला सुरुवात केली. तेव्हा नटांचे रंग म्हणजे चरबीत कालवलेले, जड, तेलकट. आजच्या क्रीम ब्लशचे पणजोबा म्हणा. काही वर्षांनी धंदा आला अलेक्सांद्र-नापोलेओं बूर्झ्वा या माणसाकडे, आणि त्याच्याच नावाने वाढला. छोट्या गोल डबीतली त्यांची कोरडी लाली नटांकडून सामान्य बायकांकडे गेली. स्वस्त होती. १८९८ मध्ये वर्टहायमर घराणं या धंद्यात आलं.

१९२४ साली त्याच घराण्यातल्या पिएर आणि पॉल या भावांनी एका शिंपीणबाईंबरोबर अत्तरांची कंपनी काढली. बाईंचं नाव कोको शनेल. भावांकडे सत्तर टक्के, मध्यस्थाकडे वीस, बाईंकडे फक्त दहा. (यावरून बाई आयुष्यभर भांडल्या. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ज्यूंची मालमत्ता बळकावण्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी कंपनी हिसकावण्याचा प्रयत्न केला. भावांनी ती आधीच एका विश्वासू फ्रेंच माणसाच्या नावावर करून ठेवली होती. त्या बाईंचं चरित्र वाचल्यावर त्यांच्या डबीकडे बघायची नजर जरा बदलते, एवढंच म्हणते.) माल कुठे बनायचा? बूर्झ्वाच्याच पांतँच्या कारखान्यात. अर्नेस्ट बो या अत्तरकाराने १९२१ मध्ये शनेल नंबर फाइव्ह केलं. त्याच माणसाने १९२८ मध्ये बूर्झ्वासाठी 'ईव्हिनिंग इन पॅरिस' केलं. तीच ती निळी बाटली! आईच्या आत्याकडे होती, रिकामी, तरी शोकेसमध्ये. एक नाक, एक मालक. एक बाटली राण्यांसाठी, दुसरी दुकानात काम करणाऱ्या मुलींसाठी.

बूर्झ्वा आणि शनेल दोन्ही त्या एकाच घराण्याकडे नव्वद वर्षं होती. बूर्झ्वा त्यांनी २०१५ मध्ये कोटी कंपनीला दिली. 'दोन्हींचा ब्लश एकाच कढईतून निघतो' हे तोवर जगभरच्या बायका एकमेकींच्या कानात सांगत आल्या होत्या. फॉर्म्युले सारखे होते असं मी म्हणणार नाही. पण एकाच मालकाने तोच गाल दोन भावांत विकला, हे तर कागदावर आहे. रंग स्वस्त झाल्यावर किंमत डबीच्या आतून निघून बाहेर जाऊन बसली. डबीच्या वजनावर, झाकण मिटताना होणाऱ्या त्या 'टक्' आवाजावर, मॉलच्या दारातल्या जागेच्या भाड्यावर आणि नावावर.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या टोकाने घडली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण आणि बायका (म्हणजे ज्यांना परवडत होतं त्या) परदेशी प्रसाधनं मागवतायत. ही नेहरूंची चिंता, आणि त्यातून १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली. फ्रेंच मदत घेतली आणि नावही फ्रेंच ऑपेराचं ठेवलं. त्या ऑपेराची नायिका मात्र भारतीय, लक्ष्मीची लॅक्मे झालेली. म्हणजे देशी वस्तू विकायलासुद्धा लक्ष्मीला एकदा पॅरिसला जाऊन यावं लागलं. आईच्या लग्नातल्या फोटोत ओठांवर जे आहे ते लॅक्मे, आणि गालांवर जे आहे तेही तेच. लिपस्टिकच दोन बोटांनी पसरायची. "वेगळं ब्लश वगैरे श्रीमंतांचं", इति आई.

पण आईच्या आईकडे खरं क्रीम ब्लश होतं, फक्त कपाळाचं. करमाळ्याजवळचं केम गाव कुंकवाचं. हळदीला चुना वगैरे लावून लाल करतात ते खरं कुंकू तिथून यायचं. आजी सकाळी फणेरपेटी उघडायची, आतल्या डबीतलं मेण करंगळीने कपाळावर गोल लावायची आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायची. मेण आणि रंगद्रव्य. याद्या काढून, डिफ करून मी जिथे पोचले, ते आजीच्या पेटीत दोन कप्प्यांत ठेवलेलं होतं. १९७९ मध्ये आजोबा गेले आणि आजीने पेटी मिटून माळ्यावर टाकली. तिला मात्र निवड नव्हती. त्या रंगाची किंमत कुठल्या एक्सेलमध्ये बसत नाही.

तर आता व्यवहाराकडे. देशी चारशे नव्व्याण्णववालं मी आधी स्वतःला लावून पाहिलं, मग आईला. आम्ही दोघी सावळ्या. त्या डबीत पांढरा रंग एवढा होता की आईचे गाल राख फुंकल्यासारखे दिसायला लागले. रुमालाने एका फटक्यात निघूनही गेला. म्हणजे महाग डबीत जास्त काय आहे, त्याचा एक खरा तुकडा हाती लागला. रंगद्रव्य किती आणि किती बारीक दळलं, हे यादीत लिहीत नाहीत, पण गाल सांगतो. सावळ्या कातडीवर चालणारी छटा करणं हे काम आहे, आणि त्या कामाचे पैसे द्यायला माझी ना नाही.

पण त्या कामाचे चार हजार सहाशे होतात का? चार दुकानं फिरल्यावर दुसऱ्या एका देशी कंपनीची विटकरी छटा मिळाली, साडेआठशेला. किडे नाहीत. यादीत पांढरा शेवटून दुसरा. हातावर घासली, दोन तास राहिली.

महागडी का नाही घेतली याचं दुसरं कारण आमच्या कपाटात आहे. २००९ मध्ये बाबांच्या मित्राने अमेरिकेहून आईसाठी अत्तर आणलं होतं. ते आजही पैठणीच्या घडीत आहे, सेलोफेनसकट. डबीच्या मागे उघड्या झाकणाचं चित्र आणि आत '१२ एम' लिहिलेलं असतं. उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवा. आई ती उघडणारच नाही. आणि उघडली तरी दर वेळी 'आज काय एवढं आहे' असं स्वतःला विचारून परत ठेवेल. साडेआठशेची आहे म्हटल्यावर निदान बँकेत जाताना लावेल.

शनिवारी डबी तिच्या हातात दिली. तिने झाकण काढलं, बोट लावून पाहिलं.

"ही त्या दुकानातली नाही."

"नाही. तुला कसं कळलं?"

"ती टक् वाजत होती." मग, "केवढ्याला?"

सांगितलं. "किडे?" नाहीत म्हटलं. काही न बोलता डबी आत घेऊन गेली.

गेल्या रविवारी करमाळ्याला लग्न झालं. डिसेंबरचा महिना, मांडवात अक्षतांपर्यंत सगळे शाली गुंडाळून. जेवणाच्या पंगतीत मावशी आईकडे वाकून वाकून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "ताई, गालाला काय लावलंयस?"

"काही नाही," आई मठ्ठ्याची वाटी सरकवत म्हणाली, "ऊन लागलंय."